सल्लागाराला विचारा, उत्तर दुसरीकडे तपासा

१. हा माणूस भरवशाचा आहे का?

निवृत्तीचे पैसे खात्यात जमा झाले की घरात एकच चर्चा सुरू होते. अमुक सल्लागार भरवशाचा आहे का? वेस्टर्न कोलफिल्ड्समधून, अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून किंवा कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेल्या माणसाला ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधी मिळून आयुष्यात पहिल्यांदाच पासबुकात एवढी मोठी रक्कम दिसते. त्याच आठवड्यात सल्ला देणारेही दिसू लागतात. बँकेतले साहेब चहा पाजतात, विम्याचा एजंट पेढे घेऊन येतो आणि पुतण्याचा कुणी मित्र ‘काका, फक्त दहा मिनिटं द्या’ म्हणतो. यांतला भरवशाचा कोण, हे मग शेजारपाजारी विचारले जाते. प्रश्न स्वाभाविक असला तरी त्याचा उपयोग फार थोडा, कारण या प्रश्नाला मिळणारे उत्तर तपासता येत नाही. बोलण्यातला गोडवा, ऑफिसचा थाट, जुनी ओळख, ‘आमच्या साहेबांनीही तिथेच ठेवलेत’ अशी ग्वाही, एवढ्यावरच भरवसा बसतो. आणि या सगळ्या गोष्टी प्रामाणिक माणसापेक्षा फसवणाऱ्याकडे जरा जास्तच असतात, कारण त्याचा धंदाच त्यांच्यावर उभा असतो.

नागपूरला हे नव्याने सांगायला नको. २०१३ मध्ये श्रीसूर्या आणि २०१४ मध्ये वासनकर या दोन गुंतवणूक समूहांवर इथे गुन्हे दाखल झाले. ठेवीदारांच्या हितसंरक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये केलेल्या कायद्याखाली ही प्रकरणे न्यायालयात गेली. पैसे अडकलेल्यांत शिकले-सवरलेले, चांगल्या हुद्द्यावर काम केलेले लोक भरपूर होते. म्हणजे शिक्षण कमी पडले असे म्हणता येत नाही. त्यांनी चौकशीही केली होती, पण ती ज्याच्याकडे पैसे द्यायचे त्याच्याकडे आणि त्याच्याच इतर ग्राहकांकडे. इथे मी एकच मुद्दा मांडणार आहे. सल्लागाराला विचारण्याजोगे प्रश्न तेच, ज्यांची उत्तरे त्याला वगळून तिसऱ्या ठिकाणी पडताळता येतात. बाकीचे प्रश्न गप्पांसाठी ठीक आहेत.

२. जे रोखे आलेच नाहीत

हा मुद्दा समजून घ्यायला नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेइतके बोलके उदाहरण दुसरे नाही, कारण इथे फसगत सामान्य ठेवीदाराची न होता खुद्द एका बँकेची झाली. २००१-०२ च्या सुमारास या बँकेने सरकारी रोख्यांत गुंतवणूक म्हणून होम ट्रेड आणि इतर खासगी दलाल कंपन्यांना मोठ्या रकमा दिल्या. सरकारी रोखा म्हणजे सरकारने घेतलेल्या कर्जाची नोंद. ठरलेले व्याज आणि मुदतीअंती मुद्दल द्यायला सरकार बांधलेले असते, म्हणून देशात याहून सुरक्षित गुंतवणूक नाही. योजना अशी सोळा आणे सुरक्षित होती. पैसे मात्र गेले आणि रोखे बँकेकडे आलेच नाहीत. नुकसान सव्वाशे ते दीडशे कोटींच्या घरात सांगितले जाते. वर्धा आणि उस्मानाबादच्या जिल्हा बँकांचेही हात होम ट्रेडमध्ये पोळले. नागपूरच्या खटल्याचा निकाल लागायला २२ डिसेंबर २०२३ उजाडले. बँकेचे तत्कालीन अध्यक्ष सुनील केदार यांच्यासह सहा जणांना न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली. पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने केदार यांना जामीन दिला. फौजदारी जबाबदारी कुणाची, हे ठरवणे न्यायालयांचे काम आहे. आपल्याला या प्रकरणातली यंत्रणा पाहायची आहे.

सरकारी रोख्याची मालकी शेवटी रिझर्व्ह बँकेच्या नोंदीवर ठरते. दलालाच्या पत्रावर, पावतीवर किंवा ‘रोखे येत आहेत’ या निरोपावर ती ठरत नाही. तेव्हा विचारायचा प्रश्न एकच होता: रोखे आमच्या नावावर चढले का? आणि त्याचे उत्तर दलालाकडे मागण्याची गरज नव्हती. रिझर्व्ह बँकेचे कार्यालय याच शहरात, सिव्हिल लाइन्समध्ये आहे. होम ट्रेडच्या जाहिरातींत त्या काळी सचिन तेंडुलकर, शाहरुख खान आणि हृतिक रोशन झळकत होते. अशा कंपनीला ‘कागद दाखवा’ म्हणायला जीभ रेटत नसेलही, पण रिझर्व्ह बँकेची नोंद पाहायला कुणाची भीड पडण्याचे कारण नव्हते. या घोटाळ्यानंतर २००२ मध्येच रिझर्व्ह बँकेने सहकारी बँकांना रोखे कागदी स्वरूपात घ्यायला मनाई केली आणि ते इलेक्ट्रॉनिक नोंदीतच ठेवायचे असा दंडक घातला. उपाय सल्लागारांना सचोटी शिकवण्याचा नव्हता. मालकीची नोंद दलालाच्या हातातून काढून घेण्याचा होता, आणि म्हणूनच तो शहाणपणाचा होता.

सामान्य माणसालाही आज ही सोय आहे. नोव्हेंबर २०२१ पासून ‘रिटेल डायरेक्ट’ योजनेत कुणीही व्यक्ती थेट रिझर्व्ह बँकेकडे खाते उघडून स्वतःच्या नावावर सरकारी रोखे घेऊ शकते. मधे दलाल नाही की दलाली नाही.

३. तुमची नोंदणी नेमकी कशाची?

आता प्रत्यक्ष प्रश्नांकडे वळू. पहिला प्रश्न नोंदणीचा. आपल्याकडे ‘फायनान्शियल अॅडव्हायझर’ ही पाटी दिसली की आत बसलेला माणूस सल्ल्याचा व्यवसाय करतो असे आपण धरून चालतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र निरनिराळे लोक निरनिराळी कामे करतात. गुंतवणुकीचा सल्ला देऊन त्याची फी घेणाऱ्याला शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीच्या २०१३ च्या नियमांनुसार ‘गुंतवणूक सल्लागार’ म्हणून नोंदणी घ्यावी लागते. त्याचा क्रमांक आयएनए या अक्षरांनी सुरू होतो. म्युच्युअल फंड विकून कंपनीकडून कमिशन घेणारा तो वितरक. त्याच्याकडे फंड कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे अॅम्फीने दिलेला एआरएन क्रमांक असतो. विमा एजंटाचा परवाना आणखी वेगळा. देशभरात सल्लागार म्हणून नोंदलेले लोक हजाराच्या आसपास आहेत आणि वितरक लाखाच्या वर. म्हणजे तुमच्यासमोर बसलेला माणूस सल्लागारापेक्षा विक्रेता असण्याचीच शक्यता कितीतरी जास्त. विक्रेता असण्यात गैर काही नाही, फक्त ते आपल्याला माहीत असले पाहिजे. नोंदणी नसलेल्या वितरकाने स्वतःला ‘स्वतंत्र आर्थिक सल्लागार’ म्हणवून घेऊ नये, असे सेबीने २०२० मध्येच बजावले आहे.

क्रमांक विचारला की तो मिळतोच. व्हिजिटिंग कार्डावर छापलेलाही असतो. तिथे थांबू नका. सेबीच्या संकेतस्थळावर नोंदलेल्या सल्लागारांची यादी आहे आणि अॅम्फीच्या संकेतस्थळावर वितरकांची. क्रमांक खरा आहे का, तो याच माणसाच्या नावाने आहे का, नोंदणी चालू आहे का, हे घरबसल्या पाहता येते. दुसऱ्याचा क्रमांक आपल्या कार्डावर छापणे अवघड नसते, सेबीच्या यादीत स्वतःचे नाव घुसवणे मात्र कुणाला जमत नाही. आणि कुणी ‘आमच्या योजनेला नोंदणी लागतच नाही’ असे सांगू लागला, तर त्या दिवशीची बैठक तिथेच संपवावी. लोकांकडून परवानगीशिवाय ठेवी गोळा करण्यावर २०१९ पासून केंद्राच्या कायद्याने सरसकट बंदी आहे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. नोंदणी असलेले फसवत नाहीत का? फसवतात. हैदराबादची कार्वी ही नोंदणीकृत, देशभर शाखा असलेली मोठी ब्रोकर कंपनी होती. तिने ग्राहकांचे शेअर गहाण टाकून स्वतःसाठी कर्ज उचलल्याचे उघडकीस आले, तेव्हा नोव्हेंबर २०१९ मध्ये सेबीने तिच्यावर निर्बंध घातले. तेव्हा नोंदणी ही सचोटीची हमी नव्हे, हे कबूल. पण नोंदणी असली की तक्रार कुठे करायची, कारवाई कोण करणार आणि हिशेब कुणाच्या वहीत सापडणार, हे ठरलेले असते. नोंदणी नसली तर पोलीस ठाण्यापासून सुरुवात, मग जप्ती, मग लिलाव, आणि त्यातून हाती काय लागेल त्याची वाट. नोंदणीची चाळणी लावल्यावरही आणखी काही चाळण्या लागतात, त्या पुढे येतातच.

४. तुम्हाला पैसे कोण देतो?

कळमन्याच्या बाजारात संत्री घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला अडत्याचे गणित शिकवावे लागत नाही. अडत्या गोड बोलतो, अडीअडचणीला उचल देतो, पण त्याची अडत कुठून सुटते हे शेतकरी डोक्यात ठेवतो आणि घरी आल्यावर पट्टीवरचा आकडा न् आकडा पाहतो. त्याच घरातला मुलगा शहरात नोकरीला लागल्यावर ‘सल्ला मोफत’ ही पाटी वाचून खूश होतो, हे नवलच. मोफत सल्ल्याची किंमत उत्पादनाच्या आत बसवलेली असते.

ती कशी, ते पाहू. म्युच्युअल फंडाच्या प्रत्येक योजनेला जानेवारी २०१३ पासून दोन दारे आहेत. डायरेक्ट आणि रेग्युलर. फंड तोच, व्यवस्थापक तोच, आत घेतलेले शेअरही तेच. रेग्युलरमधून मात्र वितरकाचे कमिशन दरवर्षी वजा होते, तुम्ही गुंतवणूक ठेवाल तितकी वर्षे. समजा हा फरक वर्षाला एक टक्का आहे. दहा लाख रुपये १५ वर्षे ठेवले आणि डायरेक्टमध्ये ११ टक्के वाढ झाली, तर हाती सुमारे ४७ लाख ८५ हजार येतील. रेग्युलरमध्ये १० टक्के पडले तर सुमारे ४१ लाख ७७ हजार. फरक सहा लाखांचा. हे सहा लाख कुठल्याही पावतीवर लिहिलेले नसतात, कुणी ते तुमच्याकडे मागत नाही, म्हणून ते गेल्याचे कळतही नाही.

पण म्हणून कमिशन घेणारा वाईट आणि फी घेणारा चांगला, असा सरळ हिशेब मांडणे चुकीचे ठरेल. महिन्याला पाच हजारांची एसआयपी करणारी शिक्षिका वर्षाला साठ हजार गुंतवते. तिने सल्लागाराला पंधरा हजार फी दिली, तर गुंतवणुकीचा चौथा हिस्सा फीतच गेला. वितरकाला तिच्याकडून पहिल्या वर्षी काही शेच रुपये मिळतील. तेवढ्यात तो फॉर्म भरतो, केवायसीची कटकट निस्तरतो आणि बाजार पडल्यावर ‘ताई, आत्ता बंद करू नका’ असे सांगतो, तर सौदा तिच्याच फायद्याचा आहे. चाळीस लाख घेऊन बसलेल्या निवृत्त माणसाचे गणित उलटे. त्याच एक टक्क्याने तो दरवर्षी चाळीस हजार देतो आणि वर ‘आमचा माणूस एक पैसा घेत नाही’ असे चारचौघांत सांगतो. वीस-पंचवीस हजारांची उघड फी त्याला स्वस्त पडली असती. नोंदणीकृत सल्लागाराच्या ठोक फीला सेबीने मर्यादाही घातली आहे, एका कुटुंबामागे वर्षाला १,५१,००० रुपये. ही फी रोखीत घेता येत नाही, आणि एकाच ग्राहकाकडून फी आणि त्याच्याच गुंतवणुकीवर कमिशन असे दोन्ही हातांनी घेण्यालाही मनाई आहे.

तेव्हा ‘माझ्या या रकमेवर तुम्हाला पहिल्या वर्षी किती रुपये मिळतील आणि नंतर दरवर्षी किती?’ असे विचारावे. टक्के नकोत, रुपये सांगा म्हणावे. प्रामाणिक वितरक हे सांगतो. पण त्याच्या शब्दावर राहण्याचीही गरज नाही. म्युच्युअल फंड आणि शेअर यांचे जे एकत्रित खातेपत्रक ईमेलवर येते, त्याच्या सहामाही अंकात वितरकाला तुमच्या गुंतवणुकीवर किती कमिशन दिले गेले ते रुपयांत छापलेले असते. बहुतेक लोक हे पत्रक उघडत नाहीत, कारण ते लांबलचक असते आणि पासवर्ड म्हणून पॅन क्रमांक टाकावा लागतो. ते उघडावे. योजनेच्या नावापुढे ‘डायरेक्ट’ आहे की ‘रेग्युलर’ हे पाहावे. एआरएन क्रमांक आपल्याच माणसाचा आहे ना, हेही पाहावे. आणि कमिशनच्या रकान्यातला आकडा वर्षभरात आपल्याला मिळालेल्या सेवेशी ताडून बघावा. तो वाजवी वाटला तर उत्तमच.

५. माझे पैसे कुणाच्या खात्यात जाणार?

फसवणूक ओळखण्यासाठी सगळ्यांत धारदार प्रश्न हाच. सल्लागाराचे काम सल्ल्याचे. पैशाला त्याने हात लावण्याचे कारणच नाही. फंडाचे पैसे थेट फंडाच्या खात्यात जातात, विम्याचा हप्ता विमा कंपनीच्या खात्यात, मुदत ठेवीचे बँकेत. सल्लागाराच्या नावाने फक्त त्याच्या फीचा चेक निघावा. ‘तुम्ही आमच्या फर्मच्या खात्यात टाका, आम्ही एकत्र गुंतवतो, त्यात दर चांगला मिळतो’ हे वाक्य कुठल्याही वेषात कानावर पडले, तरी पुढे ऐकू नये. वर ज्या जिल्हा बँकेचे उदाहरण पाहिले, तिथे पैसे दलालाच्या खात्यात गेले आणि तिथेच वाट फुटली.

पैसे योग्य जागी गेले, एवढ्याने भागत नाही. ते तिथे आहेत का, हेही अधूनमधून पाहावे लागते, आणि ते सल्लागाराच्या अॅपवर किंवा त्याने पाठवलेल्या रंगीत अहवालात नव्हे. कार्वीचा धडा इथे कामाला येतो. ब्रोकरने दाखवलेला हिशेब ही ब्रोकरची वही. शेअर खरोखर कुठे आहेत ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीच्या नोंदीत असते, आणि डिपॉझिटरी तुम्हाला परस्पर पत्रक पाठवते. त्यासाठी खात्यावर मोबाइल आणि ईमेल तुमचाच नोंदलेला हवा. अनेकांच्या फॉर्मवर ‘सोय म्हणून’ एजंटाचा ईमेल टाकलेला असतो. मग सगळी पत्रके, सगळे इशारे, अगदी पैसे काढल्याचा संदेशही त्याच्याचकडे जातो, आणि तिसऱ्या ठिकाणी पडताळण्याची सगळी सोय आपल्याच सहीने बंद होते. नवा फॉर्म भरताना बाकी काही वाचले नाही तरी हे दोन रकाने स्वतःच्या हाताने भरावेत, आणि कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. तिसरा रकाना वारसाचा. तोही रिकामा सोडू नये.

६. दर सांगा, रक्कम नको

परतावा किती, हा प्रश्न लोक सगळ्यांत आधी विचारतात. मी तो शेवटी ठेवला आहे, कारण त्याच्या उत्तरात हातचलाखीला सर्वाधिक वाव असतो. समजा एका विमा योजनेत दहा वर्षे लाख-लाख रुपये भरायचे आणि विसाव्या वर्षाअखेर साडेएकवीस लाख मिळायचे. ‘दहा भरा, साडेएकवीस घ्या, दुपटीच्या वर’ असे सांगितले की ऐकणारा मान डोलावतो. हिशेब केला तर हा दर वर्षाला जेमतेम पाच टक्के पडतो. एप्रिल २०२० पासून पीपीएफचा दर ७.१ टक्के आहे. त्या दराने तेच हप्ते विसाव्या वर्षाअखेर सुमारे साडेएकोणतीस लाख होतात. आठ लाखांचा फरक ‘दुपटीच्या वर’ या दोन शब्दांखाली झाकला गेला. म्हणून किती मिळतील याऐवजी ‘वर्षाला किती टक्के पडतात, आणि त्यातले हमीचे किती?’ असे विचारावे. हमीचा आकडा पॉलिसीच्या कागदावर असतो. कागदावर नसलेला आकडा धरूच नये. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, तेव्हा एजंट गेल्यावर शांतपणे कागद वाचून हिशेब करायला वेळ असतो.

उलट दिशेची हातचलाखी मोठ्या परताव्याची. त्यासाठी एक जुना हिशेब पुरतो: ७२ ला वर्षांनी भागले की पैसे दुप्पट होण्याचा दर निघतो. तीन वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला २४ टक्के. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सरकार ८.२ टक्के देते, तेही माणशी तीस लाखांच्या मर्यादेत. मग २४ टक्क्यांची हमी देणारा ते पैसे कुठून आणणार? एवढा फायदेशीर व्यवसाय ज्याच्याकडे आहे, त्याला बँक १२ टक्क्यांनी कर्ज देईल. तुमच्याकडून २४ ने घेण्याची त्याला गरज का पडली, याचे पटेल असे उत्तर आजवर कुणी दिलेले नाही. सुरुवातीचे काही महिने व्याज वेळेवर येते, हे उत्तर नव्हे. नंतर आलेल्यांच्या मुद्दलातूनही ते देता येते.

७. आपल्याच माणसाला कसे विचारायचे?

राहिला संकोच. सल्लागार साडूचा भाऊ असतो, मुलाच्या वर्गशिक्षिकेचे यजमान असतात, बँकेतले वीस वर्षांच्या ओळखीचे असतात. त्यांना ‘तुमचा क्रमांक दाखवा, तुम्हाला किती मिळतात सांगा’ म्हणणे लोकांना उद्धटपणाचे वाटते. माझ्या मते हा संकोच हीच या व्यवसायातली सर्वांत महागडी गोष्ट आहे. आणि इथे सांगितलेल्या पद्धतीत तो बराच कमी होतो, कारण बहुतेक उत्तरे समोरच्याला न विचारताही मिळतात. यादी सेबीच्या संकेतस्थळावर आहे, कमिशन खातेपत्रकात, मालकी डिपॉझिटरीकडे, हमीचा आकडा पॉलिसीत. प्रश्न विचारायचा तो मुख्यतः समोरचा कसा वागतो ते पाहायला. ‘बसा, दाखवतो’ म्हणून जो संगणक तुमच्याकडे वळवतो त्याच्याशी नाते बिघडत नाही. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असे जो विचारतो, त्याला ‘आहे हो, पण घरी मुलीला दाखवल्याशिवाय मी सही करत नाही’ असे सांगून कागद पिशवीत घालावेत आणि निघावे. योजना उद्या संध्याकाळी बंद होणार असेल, तर होऊ द्यावी.